काठवटीएवढी होडी आणि आमचा तलाव

आमच्या घरी शिडाची होडी आहे असं सांगितलं की समोरचा आधी "कशाला?" असंच विचारतो. कंधार तालुक्यात राहणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारणं वावगं नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि आषाढात आभाळाकडे डोळे लावायचे, यात होडी कुठे बसते? पण दोन हंगाम आम्ही ती वापरली आहे. घ्यावी का, कुठली घ्यावी, आपल्या तलावावर चालते का, घेताना माणूस कुठे फसतो, हे मला आधी कुणी मराठीत सांगितलं असतं तर माझे पैसेही वाचले असते आणि एका दुपारची धास्तीही. म्हणून लिहिते आहे.

होडीचं नाव ऑप्टिमिस्ट. एका लेकराने एकट्याने चालवायची. एक शीड, एक सुकाणू, हातात एक दोरी. शंभराहून जास्त देशांत मुलं हिच्यावरच शिकतात आणि वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत हिच्या शर्यतीत उतरू शकतात.

माझा भाऊ फौजेत आहे, ईएमईत, म्हणजे फौजेची यंत्रं-वाहनं सांभाळणाऱ्या दलात, सिकंदराबादला. लेक दहा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे गेली आणि हुसेनसागर तलावावर नवशिक्या मुलांच्या दहा दिवसांच्या शिबिरात मामाने तिचं नाव घातलं. पोहणं तिला येत होतं. पाठीला रिकामा डबा बांधून आजोळच्या विहिरीत शिकली होती. परत आली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. अंगणात वाळत घातलेलं आजीचं लुगडं कुठल्या बाजूला फुगतंय ते बघून वारा कुठला ते सांगायची. ताटातली भाकरी होडी, चमचा सुकाणू. शाळेत मी मुलांना कोन शिकवते, आणि माझीच मुलगी मला सांगत होती की वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही, डावीकडे पंचेचाळीस अंश, उजवीकडे पंचेचाळीस अंश सोडावे लागतात, मग धारूरच्या घाटासारखी वळणं घेत वर चढायचं. पाचवीच्या वर्गात फळ्यावर जे डोक्यात शिरत नव्हतं ते तिला पाण्यावर कळलं होतं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं.

आमच्या गावापासून चार किलोमीटरवर पाटबंधाऱ्याचा साठवण तलाव आहे. मच्छीमार सोसायटीकडे त्याचा ठेका. सोसायटीतल्या भोई काकांना आमच्या घरचे सगळे ओळखतात. आधी त्यांच्याशी बोलले, मग पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात अर्ज. त्या अर्जासाठी सात खेटे घातले. "शिडाची होडी" या शब्दासाठी त्यांच्याकडे रकानाच नव्हता. शेवटी ग्रामपंचायतीचा ठराव जोडला आणि लेखी परवानगी मिळाली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दर वेळी सोबत नेते. तुम्ही पैठणकडचे असाल तर एक ध्यानात ठेवा, नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय काही पाण्यात लोटू नका.

होडी जुनी घेतली, फायबरची, हैदराबादेत, बासष्ट हजाराला. शीड, डोलकाठी, सुकाणू सगळं धरून. पालथी घालून छोट्या हत्तीत टाकली आणि संगारेड्डी-देगलूरच्या रस्त्याने आणली. लांबी २.३६ मीटर, म्हणजे पावणेआठ फूट. छोट्या हत्तीच्या हौद्यात मागचं फळकं उघडं ठेवून बसली, थोडी बाहेर आली, तिथे लाल फडकं बांधलं. रुंदी साडेतीन-पावणेचार फूट. नुसत्या होडीचं वजन ३५ किलो. मी आणि माझा भाचा दोघं मिळून ती अंगणातून उचलून गाडीत ठेवतो, तिसरं माणूस लागत नाही. एकटीच्या भरवशावर घर चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट किमतीइतकीच महत्त्वाची आहे.

अंगणात उतरवली तेव्हा सासूबाईंनी भोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ही तं काठवट हाय." बरोबर ओळखलं त्यांनी. पुढचं तोंड निमुळतं नाही, सरळ कापल्यासारखं चपटं. ते तसं का, याचं कारण मला फार आवडलं. १९४७ साली अमेरिकेत फ्लॉरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने ही रचना केली. गावातली मुलं घरी बनवलेल्या गाड्या उतारावरून सोडायच्या शर्यती लावत. तसंच काहीतरी पाण्यावर असावं, बाप-लेकांनी घरी बांधता यावं आणि पन्नास डॉलरच्या आत व्हावं, अशी क्लिफर्ड मॅके नावाच्या गृहस्थांची मागणी होती. प्लायवूडचा पत्रा आठ फुटी. टोकदार नाक काढायला गेलं तर पत्रा पुरत नव्हता, म्हणून मिल्सने नाकच कापून टाकलं. ऑप्टिमिस्ट नावाच्या क्लबने ती उचलून धरली म्हणून नावही तेच. पुढे ती डेन्मार्कला गेली आणि तिथून युरोपभर. म्हणजे ही होडी जन्मली तीच हातात फार पैसा नसलेल्या माणसासाठी. आज ती श्रीमंतांच्या क्लबात दिसते म्हणून आपण दबकायचं कारण नाही.

शीड साधारण पस्तीस चौरस फुटांचं. नऊवारी लुगड्याच्या निम्म्याहूनही कमी कापड. त्याची बांधणी मला बघत राहावीशी वाटते. डोलकाठी बुटकी, आणि शिडाचं वरचं टोक एका तिरप्या काठीने वर ढकलून ताणायचं. तिला स्प्रिट म्हणतात. वारा वाढला की स्प्रिटची दोरी आणखी ओढायची, कमी झाला की सैल. शिडावर चुण्या कुठे पडल्या ते बघून ठरवायचं. डोलकाठीला आणि खालच्या आडव्या दांड्याला, बूमला, शीड बारीक दोऱ्यांनी जागोजाग बांधलेलं असतं. त्या गाठी लेक स्वतः मारते. कापड आणि काठी यांच्यात करंगळीच्या नखाएवढीच फट राहिली पाहिजे, असं तिला शिबिरात बजावलंय. दाराला तोरण बांधताना आई जशी दोन पावलं मागे जाऊन बघते, तशी ती बांधून झालं की मागे सरकून बघते, एखादी गाठ सोडते, पुन्हा मारते. वीस मिनिटं जातात. त्या वीस मिनिटांत मी मध्ये बोलत नाही.

मधोमध एक फट आहे, तीतून खाली एक फळी सोडतात. डॅगरबोर्ड. ती नसली तर होडी वाऱ्याबरोबर खेकड्यासारखी आडवी सरकते. फळी पूर्ण खाली असताना होडीला पाऊण मीटरहून जास्त पाणी लागतं, ८४ सेंटिमीटर. वर ओढली तर वीतभर पाण्यातही तरंगते. हे आकडे आपल्या तलावाशी जुळवून बघा. आमच्या तलावात बुडालेल्या वेड्या बाभळींची खोडं आहेत. पाणी पूर्ण असतं तेव्हा ती खोल जातात, संक्रांतीनंतर वर यायला लागतात. पहिल्या वर्षी फळी एका खोडाला अशी धडकली की होडी जागेवर थांबली आणि लेक पुढे फेकली गेली. तेव्हापासून काकांनी खोडांवर पांढऱ्या तेलाच्या डब्यांच्या खुणा बांधून दिल्या आहेत. तशाच खुणा जाळ्यांच्याही असतात, थर्माकोलच्या तुकड्यांच्या. जाळं दिसलं की फळी आणि सुकाणू वर घेऊन त्यावरून तरंगत जायचं, असं मुलांना शिकवलंय. जाळं फाटलं तर एका कुटुंबाची आठवड्याची कमाई जाते, हे त्यांना होडीत बसवण्याआधी सांगितलं.

आता वाऱ्याचं. होडी कशी आहे हे सांगताना तिला लागणारा वारा कसा हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट. नवशिक्या लेकराला ताशी आठ ते वीस किलोमीटरचा वारा पुरतो. आमच्याकडे जून-जुलैत पश्चिमेचा वारा भणाणतो, पण तलावात तेव्हा पाणीच नसतं, कडेला पोटरीभर काळा चिखल. भाद्रपदात तलाव भरतो. भाद्रपद आणि आश्विनाचा पहिला पंधरवडा हा खरा हंगाम. मग दिवाळीच्या आसपास वारा पडतो. लेक शीड लावून तासभर एका जागी बसते आणि बगळे मोजते. मार्गशीर्ष-पौषात सकाळी नऊनंतर उत्तर-पूर्वेचा बारीक वारा सुटतो, तो नवख्यांना सगळ्यात चांगला. फाल्गुनापासून बंद. वावटळी उठतात, अवकाळीचा भरवसा नाही आणि पाणीही मृतसाठ्याकडे निघालेलं असतं. म्हणजे वर्षातले पाच महिने, त्यातही रविवार. एवढ्यासाठी बासष्ट हजार घालायचे का, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. मी केला आणि मला तो पटला.

चालवायला ती किती सोपी? शाळेतली दोन पोरं, सहावीतली, होडी कधी डोळ्यांनी न पाहिलेली. तिसऱ्या रविवारी ती एकटी त्या काठाला जाऊन परत आली. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की तोंड डावीकडे वळतं, हा गोंधळ पहिल्या तासात मिटतो. खरा धडा दोरीचा. आमची पोरं बैलगाडीवर वाढलेली. बैल थांबवायला कासरा ओढायचा, हे त्यांच्या हातात बसलेलं. होडीत उलटं आहे. दोरी ओढली की शीड वारा धरतं आणि होडी पळते, दोरी सोडली की शीड फडफडतं आणि होडी उभी राहते. घाबरलेलं पोर हातातलं घट्ट आवळून धरतं, आणि तीच इथे चूक. म्हणून पहिला आख्खा रविवार काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून एकच खेळ घेते. मी टाळी वाजवली की दोरी सोडायची. शंभर वेळा. हात आपोआप उघडायला लागला की मगच होडी सोडते.

होडी संथ आहे, हा तिचा गुण आहे. चुकलं तरी विचार करायला वेळ देते. रुंद, चपट्या बुडामुळे लगेच कलंडत नाही. पंचवीस ते पंचेचाळीस किलोच्या लेकराला ती मापात बसते. माझा भाचा तेरा वर्षांचा, बावन्न किलोचा, तो बसला की मागचा भाग पाण्यात दबतो आणि गुडघे कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. "आत्या, मला पुढची होडी पाहिजे," असं तो आता म्हणायला लागलाय, आणि त्याचं बरोबर आहे. पुढची म्हणजे लेझर, जिला आता इल्का म्हणतात. सव्वाचार मीटर लांब, ५९ किलोची, तीच होडी लहान-मोठी शिडं बदलून वयाप्रमाणे वापरतात. तिच्या सगळ्यात लहान शिडाच्या प्रकारात, इल्का-४ मध्ये, नेहा ठाकूरने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावावर. समुद्र नसलेल्या राज्यातली. तिचा फोटो मी वर्गात लावला आहे. मोठ्या माणसाने शिकायला ऑप्टिमिस्ट घेऊ नये, त्याने सरळ लेझर गाठावी.

आता दोष सांगते, आणि हा भाग सावकाश वाचा.

ऑप्टिमिस्ट उघडी काठवट आहे. आत पाणी आलं की आपोआप बाहेर जात नाही. हल्लीच्या काही मुलांच्या होड्यांना, ओपन स्किफसारख्या, मागची बाजूच उघडी ठेवलेली असते, पाणी वाहून जातं. इथे उपसावं लागतं. उलटली की लेकराने फळीवर चढून, अंगाचा भार देऊन ती सुलटी करायची. ते जमतं, पण सुलटी होते ती काठोकाठ भरलेली. मग ती तरंगते केवळ आतल्या हवेच्या पिशव्यांवर. दोन बाजूंना दोन, मागे एक. मुलाचा जीव या तीन पिशव्यांवर आणि अंगातल्या जॅकेटवर असतो. उपसायला आम्ही पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचं तिरपं तोंड कापून सुपली केली आहे, दोरीने होडीलाच बांधलेली. विकतच्या सुपलीपेक्षा मोठी आणि फुकट.

होडी आणली त्या रात्री पिशव्या तोंडाने फुगवून अंगणात ठेवल्या. सकाळी दोन पिशव्या शिळ्या पोळीसारख्या पडलेल्या. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "चालतंय मॅडम, थोडी हवा जातेच." नाही चालत. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याला ठाऊक होतं हे नंतर कळलं. पिशव्या घेऊन बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने एकेक घमेल्यातल्या पाण्यात दाबली आणि कान जवळ नेला. कापड कुठेच फुटलेलं नव्हतं. बुडबुडे येत होते ते तोंडाच्या बुचाजवळून, मोहरीएवढे, सावकाश, एकामागून एक. "बाई, ट्यूब चांगलीय, व्हॉल्वच गेलाय," म्हणाला. बुचाच्या मुळाशी पातळ पॅच लावून, सोल्यूशन भरून, रात्रभर विटेखाली दाबून ठेवल्या. पन्नास रुपये. त्या दोन पिशव्या अजून धरून आहेत. तिसरी, मागची, सकाळी फुगलेली दिसली म्हणून मी तपासलीच नाही. ही माझी चूक.

पहिल्या वर्षी गणपती उठल्यानंतरचा रविवार. तलाव भरलेला, सकाळपासून छान वारा. दुपारी पूर्वेकडून ढग चढले. काका थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर, जाळं बघत होते, तिथून ओरडले, "बाई, वारं फिरायलंय, लेकराला बलवा!" मी शिट्टी मारली, तीन वेळा. लेक दोनशे मीटरवर होती. तिने ऐकलं, वळली. वळताना वारा पाठीमागून दुसऱ्या बाजूला आला, बूम फाडकन या बाजूचा त्या बाजूला गेला आणि होडी कलंडली. थांबली नाही, पूर्ण पालथी झाली.

ऑप्टिमिस्टची डोलकाठी वरच्या आडव्या फळीच्या भोकातून खाली एका खोबणीत नुसती उभी असते. पालथी झाली की ती निसटून खाली घसरते. ती घसरू नये म्हणून तिला एक चाप बसवतात किंवा दोरीने फळीशी जखडतात. आमच्या होडीचा चाप विकणाऱ्याने दिलाच नव्हता आणि तो असतो हे मला माहीत नव्हतं. शिबिरात तो आधीच बसवलेला असल्यामुळे लेकीच्याही लक्षात आलं नव्हतं. डोलकाठी शिडासकट निसटली आणि दोरीला लोंबकळत राहिली. लेकीने डॅगरबोर्डवर चढून होडी सुलटी केली, तर मागचा भाग वर येईना. तिसरी पिशवी रिकामी झाली होती. होडी पुढून वर, मागून बुडालेली, तिरपी उभी.

तिला शिबिरात एक गोष्ट पक्की शिकवली होती, काहीही झालं तरी होडी सोडायची नाही. पोहता येतं म्हणून काठाकडे निघायचं नाही. तिने होडीच्या काठाला दोन्ही हात घातले आणि तशीच राहिली. काका चप्पू वल्हवत गेले. तिथे पोहोचायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. पाऊस सुरू झाला होता. मला काठावरून फक्त तिचं नारिंगी जॅकेट दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं. का हलत नव्हतं ते मला माहीत होतं, ती सांगितल्याप्रमाणे स्थिर होती. तरी ती मिनिटं मी आज लिहितानाही नीट लिहू शकत नाही.

होडी काठाला ओढून आणली तेव्हा खोबणीला तडा गेलेला दिसला. नीट बघितलं तर तो नवा नव्हता. खाली जुना तडा, त्यावर रंगारी भरतात ती लांबी (पुट्टी) भरलेली आणि वरून पांढरा रंग. नांदेडला फायबरच्या कमानी आणि दरवाजे करणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने जुनी लांबी खरवडून काढली, काचेच्या कापडाचे चार थर रेझिनमध्ये बसवले. अडीच हजार. तो म्हणाला, "होडी पहिल्यांदाच करतोय, पण आता कमानीपेक्षा मजबूत झाली." त्यानंतर एक हंगाम गेला, काही झालेलं नाही.

म्हणून जुनी घेणार असाल तर हे करा. तिन्ही पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी अंगठ्याने दाबून बघा, नुसत्या नजरेने नाही. डोलकाठी काढून खोबणीत टॉर्च मारा, रंग बाकी होडीपेक्षा नवा दिसला तर नखाने खरवडा. फळीच्या फटीच्या कडा बघा, तिथे पाणी झिरपतं. चाप आहे का विचारा. होडीत दोन बादल्या पाणी ओतून बाहेरून बूड कोरडं राहतं का ते बघा. विकणारा घाई करत असेल तर परत या.

जॅकेटवर पैसे वाचवू नका. विसर्जनाच्या दिवसांत बाजारात स्वस्त नारिंगी जॅकेट मिळतात. मी आधी तीच आणली होती, एकाचं बक्कल बांधतानाच हातात आलं. पोहता येणाऱ्या मुलाला निदान ५० न्यूटन तरंगशक्तीचं, त्याच्या वजनाच्या मापाचं, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. बांधून झालं की मूल खांद्यापाशी जॅकेटला धरून वर उचला. जॅकेट वर आलं आणि मूल खाली राहिलं तर ते त्याचं नव्हे. पोहता न येणाऱ्या मुलाला मी होडीत बसवतच नाही, आधी पोहणं. आणि पाण्यावर दुसरी होडी किंवा चप्पू घेऊन मोठं माणूस असल्याशिवाय शीड उघडत नाही. काकांना दर रविवारी तीनशे रुपये देते. ते नको म्हणतात, मी देते.

नवी घ्यावी का? शर्यतीची नवी होडी आपल्या आवाक्यातली नाही आणि आपल्या तलावाला तिची गरजही नाही. शिकवण्यासाठीच्या जाड प्लॅस्टिकच्या होड्याही निघतात. फायबरपेक्षा जड, पण दगडाला घाबरत नाहीत. दहा-वीस मुलांची शाळा चालवणार असेल त्याने त्याच घ्याव्यात. आमच्यासारख्या एका घराला फायबरची बरी, उचलायला हलकी आणि नांदेडला दुरुस्त होते.

सांभाळायचं म्हणाल तर पाण्यापेक्षा ऊन वाईट. एप्रिल-मेचं आमचं ऊन शिडाच्या कापडाला खातं. शीड सुकवून गुंडाळायचं, घडी घालायची नाही, आणि घरात ठेवायचं. आम्ही ते आजीच्या पलंगाखाली ठेवतो. होडी कडुलिंबाखाली दोन टायरांवर पालथी, वर जुनी ताडपत्री. उंदीर दोऱ्या कुरतडतात म्हणून दोऱ्या डब्यात. गेल्या वर्षी शिडाची एक शिवण उसवली, ती गावच्या शिंप्याने नायलॉनच्या दोऱ्याने नागमोडी टाका घालून शिवली. अजून तशीच आहे.

जायकवाडीच्या फुगवट्यापलीकडची मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून शाळेत जातात, याची बातमी आली होती तेव्हा आमच्या वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही. आपल्या लेकरांना पाणी नवं नाही. अंगाला जॅकेट, वर माणसाची नजर, आणि पाण्यावर कसं वागायचं याचा धडा, एवढंच त्यांना मिळत नाही. या वर्षी भाद्रपदासाठी आठ मुलांनी नावं दिली आहेत, त्यात पाच मुली. होडी एकच. पोहायला येतं ती तीन, बाकीच्या पाचांना काकांचा मुलगा चैत्रापासून विहिरीवर शिकवतो आहे. दोघी काल पहिल्यांदा डबा सोडून पोहल्या.